चाळीस पत्त्यांचा आधार

रेवती खातूला ती चूक पहिल्यांदा दिसली तेव्हा शनिवारची दुपार होती आणि पत्त्यांच्या खेळाची सहावी फेरी चालू होती. तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, ‘पहारा’ हा पत्ता गडाच्या उत्तर दरवाजावर उलटा ठेवला. मग तिघांनी आपापले पत्ते उघडले. उत्तरेला दोन पहारे निघाले, एक दिगंबरचा आणि एक इम्तियाजचा. दक्षिण दरवाजा सताड उघडा राहिला आणि सावट, म्हणजे खेळातला शत्रू, आत शिरलं.

असं कधी कधी कुणाकडूनही होतं. रेवतीने पत्ते गोळा करायला हात पुढे केला, तेव्हा दिगंबर इम्तियाजला शांतपणे म्हणाला, “तू दक्षिणेला ठेवतो म्हणालास, म्हणून मी इकडे ठेवला.”

इम्तियाज असं काहीच म्हणाला नव्हता. हातातल्या पत्त्यांबद्दल बोलायला त्या खेळात बंदीच होती. त्याने एकदा रेवतीकडे पाहिलं, मग हसून म्हणाला, असेल, माझ्याच तोंडून निघून गेलं असेल. विषय तिथे संपला. पण रेवतीने नवऱ्याचा चेहरा पाहिला होता. तो सबब सांगत नव्हता. त्याला ते वाक्य खरोखर ऐकू आलं होतं.

दिगंबर छप्पन्न वर्षांचा होता. कोंडसरीच्या खाडीकाठी रसायनांचा कारखाना होता, त्याच्या नियंत्रण कक्षात तो बावीस वर्षं पॅनेलवर बसत होता. पॅनेलवरचा माणूस पडद्यावर बघून झडपा उघडतो आणि बंद करतो. त्याच पाळीतला दुसरा माणूस पाइपांच्या जंगलात प्रत्यक्ष फिरून हाताने करायची कामं करतो. दिगंबरच्या पाळीत तो दुसरा माणूस म्हणजे चौतीस वर्षांचा इम्तियाज परकार. नऊ वर्षं दोघे एकाच वॉकीटॉकीवर बोलत आले होते. शनिवारी मात्र तो खातूंच्या घरी यायचा तो खेळायला, आणि ते खेळणं सक्तीचं होतं.

सक्ती चार वर्षांपूर्वी आली. त्याआधी पॅनेलवरच्या माणसांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायची, आणि तिच्यातून मेंदूचे आजार निसटून जायचे. कारण साधं होतं. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज सुरू झाली की स्मरणशक्ती लगेच जात नाही. माणूस फोन नंबर सांगतो, घड्याळाचं चित्र काढून दाखवतो, शंभरातून सात-सात वजा करतो. आधी जातं ते वेगळंच. दुसरा माणूस या क्षणी कुठे आहे, त्याला काय माहीत आहे, तो पुढे काय करणार आहे, याचं एक चित्र आपण नकळत सतत डोक्यात सांभाळत असतो. ते चित्र पुसट होऊ लागतं. आणि पुसट झालेली जागा मेंदू मोकळी ठेवत नाही. तिथे तो स्वतःच काहीतरी भरतो, आणि भरलेलं ते त्या माणसाला आठवणच वाटतं. या चित्र सांभाळण्याला संशोधकांनी ‘सहभान’ असं नाव दिलं.

एकट्याला बसवून सहभान मोजता येत नव्हतं. शिवाय एकट्याच्या चाचण्या लोक पाठ करून यायचे. मग कुणाला तरी ‘सावटगड’ आठवला. हा मुलांमध्ये चालणारा पत्त्यांचा खेळ. तीन खेळाडू मिळून एक गड राखतात. शत्रू म्हणजे सावट, त्याचे पत्ते आपोआप पडत जातात. जिंकले तर तिघं जिंकतात, हरले तर तिघं. प्रत्येकाचा डेक चाळीस पत्त्यांचा असतो आणि तो ज्याचा त्याने शेकडो पत्त्यांतून निवडून बांधायचा असतो. बोलायचं नाही, फक्त सोबत्यांच्या चालींवरून त्यांच्या मनातलं ओळखायचं. संशोधकांनी प्रत्येक पत्त्यात केसाएवढी चिप बसवली आणि खालचा पट संवेदकांचा आणि बारीक कॅमेऱ्यांचा केला. कुठला पत्ता कधी उचलला, किती वेळ हवेत धरला, ठेवून पुन्हा मागे घेतला का, ठेवताना नजर कुणाकडे होती, हे सगळं पट टिपायचा. पॅनेलवाला, त्याच्या पाळीतला सोबती आणि घरचं एक माणूस, वर्षभर तेच तिघे दर शनिवारी खेळायचे. सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर पॅनेलवाल्याने अंगठा लावला की दिवा लागायचा. हिरवा म्हणजे आत. लाल म्हणजे तिथूनच घरी.

शेजारच्या क्वार्टरमधल्या शिर्केंना लाल लागला होता. त्यानंतर दोन महिने ते रोज सकाळी गणवेश घालून ओट्यावर बसायचे. त्यांची बायको त्यांना आत ने, आत ने म्हणून मुलाला विनवायची. रेवती शाळेत जाताना रोज ते बघायची.

दिगंबरच्या निवृत्तीला सोळा महिने उरले होते.

रेवती कोंडसरीच्या शाळेत ग्रंथपाल होती. मुलांचं सावटगड मंडळ तीच चालवायची, आणि तिच्याइतका हा खेळ समजणारं माणूस तालुक्यात नव्हतं. त्या शनिवारनंतर पुढचे तीन शनिवार तिने नीट लक्ष ठेवलं. दिगंबरची चूक प्रत्येक वेळी एकाच जातीची होती. स्वतःचे पत्ते तो उत्तम खेळत होता. इम्तियाज कुठे आहे, हे मात्र तो विसरत होता. चौथ्या सोमवारी दिवा हिरवाच लागला, पण सहभानाचा निर्देशांक शहाण्णववरून एक्क्याऐंशीवर आला होता. सत्तरच्या खाली लाल.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर तिने वाचनालयाच्या लांब टेबलावर आपले तीनशे पत्ते पसरले.

आधी तिने हल्ल्याचे पत्ते काढून टाकले. अग्निबाण गेले, वीजखड्ग गेलं, बारा वर्षं जपलेली काळी तोफ गेली. मग आधाराचे पत्ते पुढे ओढले. ‘परतपाऊल’: सोबत्याला उघडलेला पत्ता फेरी संपण्याआधी मागे घेता येतो. असे चार घेता येत होते, तिने चारही घेतले. ‘काचेचा हात’: एका फेरीपुरते तिघांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. हेही चार. ‘अंगावर घेणं’: सोबत्याला बसणारा घाव आपल्याला बसतो. ‘उसना श्वास’: पडलेला सोबती आणखी एक फेरी तग धरतो. पण हे पत्ते वेळेवर हातात आले तरच उपयोगाचे. म्हणून तिने दहा ‘शोध’ घातले, ज्यांनी डेकमधून हवा तो पत्ता वर आणता येतो. वाचनालयाच्या एका कोऱ्या कार्डावर तिने हिशेब मांडला: तिसऱ्या फेरीपर्यंत निदान एक परतपाऊल हातात असण्याची शक्यता दहात नऊ. आता या डेकला स्वतः काहीच मारता येणार नव्हतं. सगळा मारा इम्तियाजच्या डेकला करावा लागणार होता, तेव्हा त्याच्यासाठीही तिने सहा जड पत्ते बाजूला काढले.

असा डेक कुणी बांधत नाही, कारण तो संथ असतो आणि जरा घाई झाली की कोसळतो. तो तोलून धरायला फार बारकाईने खेळावं लागतं. रेवतीला ते येत होतं. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी तिला आनंदही झाला होता. इतका नेमका डेक तिने आयुष्यात बांधला नव्हता.

यंत्र फसलं ते असं. चूक प्रत्येकाकडून होते, म्हणून पट चुका मोजत नसे. चूक झाल्यावर माणूस ती स्वतः ओळखून सावरतो का, ते तो मोजायचा. परतपाऊल खेळलं की पत्ता दिगंबरच्याच हाताने मागे जायचा, आणि पटाला वाटायचं यानेच ओळखलं. काचेचा हात पडला की सोबत्यांचे पत्ते समोर उघडे असायचे, मनात काही धरून ठेवायची गरजच उरत नसे. पटाला फक्त दिसायचं की दिगंबर योग्य चाल खेळला. चाचणी करणाऱ्यांनी खेळाडू खेळ जिंकायला डेक बांधतील असं धरलं होतं. एका माणसाला उभं ठेवण्यासाठी कुणी चाळीसच्या चाळीस पत्ते लावील, हे त्यांच्या कल्पनेतही आलं नव्हतं.

सहा आठवड्यांत निर्देशांक चौऱ्याण्णववर गेला.

इम्तियाजने एका शनिवारी चहा पिताना सहज म्हणावं तसं म्हटलं, “वहिनी, तुमच्याकडे आता एकही तलवार उरली नाही.” रेवती म्हणाली की तुझ्या तलवारी पुरेत. त्याने कप खाली ठेवला. मग त्याने पत्ते पिसायला घेतले आणि परत कधी तो विषय काढला नाही.

दिगंबरने मात्र काढला. पावसाळा संपून गेल्यावरचा एक रविवार होता. तो मागच्या पडवीत बसून बांगडे साफ करत होता. हे काम तो नेहमी स्वतःच करायचा. रेवती नारळ खवत होती. तिच्याकडे न बघता तो सांगू लागला की गुरुवारी इम्तियाजला त्याने टाकीवर चढवलं आणि दोन मिनिटं इम्तियाज कुठे आहे याचं आपल्याला भानच राहिलं नाही. विसरलो असंही नाही, म्हणाला. माझ्या मते तो खाली उतरला होता. मला उतरलेला दिसला होता. आणि तो तर वरच होता.

रेवतीचा हात थांबला.

“घरी तू रोज बघतेस मला,” दिगंबर म्हणाला. “शनिवारी समोर बसतेस. खरं सांग. माझं काही चुकतंय का? तू हो म्हणालीस तर उद्या जाऊन सांगतो, मला पॅनेलवरून उतरवा. मला वाईट वाटणार नाही.”

पुढे किती तरी वेळा रेवतीने हा क्षण आठवून पाहिला. तिच्या मनात तेव्हा काय होतं? शिर्के होते, त्यांचा इस्त्रीचा गणवेश होता. सोळातले सात महिने उरले होते. तिला वाटलं, हा स्वतःहून उतरला तर त्याच दिवशी म्हातारा होईल. आणि तिला हेही वाटलं, जे तिने फार उशिरा कबूल केलं, की डेक चालतो आहे.

“काही चुकत नाही,” ती म्हणाली. “थकलायत तुम्ही. आकडा बघा की, चौऱ्याण्णव आहे.”

त्याने मान हलवली. त्याचे खांदे सैल झालेले तिला दिसले. त्या दुपारी तो पोटभर जेवला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, इम्तियाज क्लोरीनच्या लाइनवरची गाळणी साफ करायला गेला. काम सुरू करण्याचा परवाना पॅनेलवरून दिगंबरने स्वतः दिला होता, अकरा वाजता. गाळणी उघडी असेपर्यंत मागची झडप बंद राहायला हवी होती. अकरा बावीसला दिगंबरने परवाना पूर्ण झाला अशी नोंद केली. यंत्राने विचारलं, माणूस बाहेर आल्याची खात्री आहे का? त्याने ‘हो’ दाबलं आणि झडप उघडली.

भोंगा शाळेपर्यंत ऐकू आला. शिक्षकांनी मुलांना वाऱ्याच्या उलट दिशेला, टेकडीवर नेलं. रेवतीने शेवटच्या वर्गाला वर पोचवलं आणि वळून कारखान्याकडे पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं, फक्त कुंपणालगतचं गवत पिवळट झालं होतं. दुपारी समजलं की गेला तो एकटा इम्तियाज. बाकी कुणाला काही झालं नव्हतं, कारण दिगंबरने भोंगा वाजताच सात सेकंदांत झडप बंद केली होती. लोक त्याबद्दल त्याचं कौतुक करत होते.

दिगंबर घरी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. पुन्हा पुन्हा तो एकच सांगत होता. इम्तियाज वॉकीटॉकीवर म्हणाला, झालं दादा, बाहेर आलो, उघडा. मी त्याचा आवाज ऐकला. मग तो परत आत कशाला गेला?

रेवती त्याच्या शेजारी बसली होती. ‘तू दक्षिणेला ठेवतो म्हणालास.’ तिला तो जुना शनिवार आठवला.

चौकशी तीन आठवडे चालली. वॉकीटॉकीचं ध्वनिमुद्रण खरखरीने भरलेलं होतं, त्यात कुणाचाच शब्द लागत नव्हता. एका बाजूला मेलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांचा निर्दोष अनुभव असलेला पॅनेलवाला, ज्याचा सहभान निर्देशांक अपघाताच्या तीनच दिवस आधी चौऱ्याण्णव होता. समितीने अहवालाच्या मसुद्यात लिहिलं की क्षेत्र कर्मचारी इम्तियाज परकार यांनी काम अपुरं असताना ते पूर्ण झाल्याचं कळवलं आणि परवानगीविना पुन्हा आत प्रवेश केला. मानवी चूक, मृत कर्मचाऱ्याची. इम्तियाजची बायको शमीम त्या सुनावणीला हजर होती. ती एवढंच म्हणाली की माझा नवरा असा नव्हता. ते कुणी लिहून घेतलं नाही.

रेवती रजा टाकून जिल्ह्याच्या चाचणी केंद्रावर गेली. तिथल्या प्रमुख डॉ. आश्लेषा मराठे. या माणसांच्या मेंदूंचे आलेख वाचण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती. रेवतीने त्यांना विचारलं की एखाद्या खेळाडूचे पत्ते वगळून जुन्या खेळांची मोजणी पुन्हा करता येते का. डॉक्टरांनी कारण विचारलं. रेवतीने पिशवीतून आपला डेक काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी एकेक पत्ता उलटून पाहिला. दहाव्या-बाराव्या पत्त्यानंतर त्यांनी पुढचे बघायचं सोडलं आणि संगणक ओढला. जिथे जिथे रेवतीचं परतपाऊल आणि काचेचा हात पडला होता, त्या चाली त्यांनी बाद केल्या. मोजणीला चार मिनिटं लागली. आलेख पडद्यावर आला तेव्हा हिरवी रेघ एका जागी तुटून खाली पडलेली होती. एकूणसत्तर, त्रेसष्ट, अठ्ठावन्न. शेवटच्या शनिवारी एकेचाळीस.

“नऊ महिने,” डॉक्टर म्हणाल्या. “नऊ महिन्यांपूर्वीच लाल लागायला हवा होता.”

त्यांनी संगणक बाजूला सारला. मग त्यांनी सांगितलं की ही मोजणी रेवतीने मागितली म्हणून झाली, समितीने मागितलेली नाही. तुम्ही हा डेक घेऊन घरी गेलात तर हे कुणालाच कळणार नाही. मला कळलेलं आहे, पण तुमच्या जबाबाशिवाय माझा आलेख म्हणजे नुसता एक अंदाज आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. तुमच्या यजमानांवरही.

“त्यांना काय झालंय?” रेवतीने विचारलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषध नाही, हेही सांगितलं. नऊ महिन्यांपूर्वी कळलं असतं तरी औषध नव्हतंच, पण ते पॅनेलवर नसते.

रेवती बसने परत आली ती घरी गेली नाही. ती परकारांच्या मोहल्ल्यात गेली. शमीमने दार उघडलं, तिला आत घेतलं, पाणी दिलं. रेवतीने उभ्याने सगळं सांगितलं: पहिली चूक, तीनशे पत्ते, चौऱ्याण्णव, पडवीतला प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर. मध्ये एकदाही ती थांबली नाही, कारण आपण थांबलो तर पुढचं बोलता येणार नाही हे तिला माहीत होतं.

शमीमने सगळं ऐकून घेतलं. नंतर ती जे बोलली त्याची रेवतीने तयारी केलेली नव्हती.

“त्यांना माहीत होतं,” शमीम म्हणाली. “ते म्हणायचे, घरी वहिनी दादांना सांभाळतात, कामावर मी सांभाळतो. प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगायचे दादांना वॉकीटॉकीवर. मी म्हटलं होतं, साहेबांना कळवा. तर म्हणाले, थोडे महिने राहिलेत, वहिनींनी एवढं केलंय ते वाया कशाला घालवायचं.”

मग ती म्हणाली, “तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी माफ करीन असं समजू नका. मला तुमची माफी नको. मला फक्त त्या कागदावरून त्यांची चूक खोडून पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी रेवतीने समितीसमोर जबाब दिला. त्याआधी सकाळी तिने दिगंबरला समोर बसवून सांगितलं. त्याने नीट ऐकलं. तो रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, “मग मी ऐकला तो आवाज कुणाचा होता?”

त्यानंतर जे झालं ते कोंडसरीपुरतं राहिलं नाही. राज्यभरातल्या सगळ्या पॅनेलवाल्यांचे जुने खेळ आधाराचे पत्ते वगळून पुन्हा मोजले गेले. अकरा जणांचे दिवे एका रात्रीत हिरव्याचे लाल झाले. अकरा घरांत कुणी ना कुणी, कुठे बायको, कुठे भाऊ, एका ठिकाणी तर शाळकरी मुलगी, हाच डेक बांधून बसलं होतं. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. तरी परतपाऊल सगळ्यांनी चारच्या चार घेतले होते. त्यातल्या एका कारखान्यात टाकी भरताना होऊ घातलेला अपघात नव्या माणसाने वेळीच ओळखला, असं वर्तमानपत्रात आलं. आणि नाशिककडच्या एका बाईने, जिच्या नवऱ्याला असंच उतरवलं होतं, रेवतीला पत्र पाठवलं. त्यात एकच ओळ होती: तुम्ही तोंड उघडलं नसतं तर आमचं चाललं असतं.

चाचणीत आधाराच्या पत्त्यांवर बंदी आली. शाळेने रेवतीला निलंबित केलं. तिच्यावरचा खटला उभा राहिला आणि तारखा पडू लागल्या. दिगंबर खटल्याला सामोरा जाण्याच्या अवस्थेत नाही, असं न्यायालयाने पहिल्याच तारखेला ठरवलं. क्वार्टर सोडून ती दोघं गावात, देवळामागच्या दोन खोल्यांत आली.

दिगंबरचा आजार एप्रिलपासून वेगाने वाढला. माणसं त्याला आठवत होती, पण ती कुठे आहेत आणि त्यांचं काय झालं, हे त्याच्याकडून निसटत होतं. इम्तियाज का येत नाही, हे तो दोन-तीन दिवसांनी विचारायचा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा रेवतीने खरं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने विचारलं, कसा गेला, आणि तिने तेही सांगितलं. तो संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही. तीन दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, आणि त्याला ते पुन्हा पहिल्यांदाच कळलं. तो पुन्हा तिथेच बसला.

डॉ. मराठेंनी फोनवर समजावलं की आता असं करू नका. गावाला गेलाय म्हणा, काहीही म्हणा. यात त्याचं भलं कशात आहे ते बघा. रेवतीला ते पटत होतं. पण तोंड उघडलं की तिला पडवी दिसायची, आणि त्याला आणखी एकदा खोटं सांगायला तिची जीभ वळत नसे. ऑगस्टपर्यंत दिगंबरने इम्तियाजच्या मृत्यूची बातमी कमीत कमी तीस वेळा पहिल्यांदा ऐकली होती.

सप्टेंबरात एका सकाळी शमीम आली. तिच्या हातात एक लिफाफा होता. अंतिम अहवाल, तिने सांगितलं. पान एकोणीस. रेवतीने दारातच उभं राहून वाचलं. ‘मृत कर्मचारी इम्तियाज परकार यांची कोणतीही चूक आढळत नाही.’ खाली रेवतीच्या जबाबाचा क्रमांक होता. तुम्हालाही एक प्रत असावी म्हणून आणली, शमीम म्हणाली. रेवतीने तिला बस म्हटलं. ती बसली नाही. चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाली, शाळेतून मुलीला आणायचं आहे.

आवाज ऐकून दिगंबर आतून बाहेर आला. त्याने दाढी केलेली नव्हती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. शमीमला बघून त्याचा चेहरा उजळला. ये, ये, म्हणाला. मग तिच्या मागे, रस्त्याकडे, मान लांबवून पाहू लागला.

“इम्तियाज कुठाय?”

रेवतीच्या हातात पान एकोणीस होतं. तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शमीमने तिच्याकडे पाहिलं, मग दिगंबरकडे. ती एक पायरी वर आली आणि तिने त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं.

“पाळीवर आहेत, दादा,” ती म्हणाली.

“पॅनेलला कोण बसलंय त्याच्यासोबत?”

“चांगला माणूस आहे.”

दिगंबरचं समाधान झालं. तो वळून आत गेला, आणि आतून त्याने रेवतीला विचारलं की बाजारात बांगडे आलेत का. शमीम पायऱ्या उतरली. खाली गेल्यावर ती एका हाताने कुंपणाचा खांब धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली, पाठ करून. मग तिने ओढणी सारखी केली आणि ती शाळेच्या रस्त्याला लागली.

रेवती आत गेली. दिगंबर तिची वाट बघत चुलीपाशी उभा होता. सकाळपासून ती बाजाराकडे फिरकलीही नव्हती. बांगडे आलेत, ती म्हणाली.